बाद झालेल्याने करायचं काय?

प्रेमला ओव्हाळ निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी हातात लाल पेन असल्याशिवाय त्यांना काही वाचता येत नसे. घरात लग्नपत्रिका आली की आधी 'आशीर्वाद' नीट छापलाय का ते बघायचं आणि मग लग्न कोणाचं आहे ते. सरकारी छापखान्यात छत्तीस वर्षं प्रूफं तपासून डोळ्यांना जी खोड लागली होती, ती पेन्शन सुरू झाली म्हणून थोडीच जाणार?

जन्म येरवड्यातला. वडील महापालिकेच्या बागेत माळी होते. पाच भावंडांत बी. ए. झालेल्या या एकट्याच. बाविसाव्या वर्षी छापखान्यात लागल्या, तेव्हापासून राजपत्रं, जमिनींच्या नोटिसा, मतदारयाद्या, परीक्षांचे निकाल हे सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. खरं तर यातलं काहीच त्यांनी वाचायचं नव्हतं, फक्त तपासायचं होतं. मूळ कागदावर जे आहे तेच छापील कागदावर उतरलंय ना, एवढंच काम. पण वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कुठल्याशा नियमावलीत चौथ्या कलमात लिहिलेलं असे की अर्जासोबत पावती जोडावी, आणि नवव्या कलमात लिहिलेलं असे की पावती अर्ज मंजूर झाल्यावर मिळेल. मग जोडायची कुठली? प्रेमलाताई समासात एक बारीक प्रश्नचिन्ह काढत. कागद वर जाई आणि दोन दिवसांनी परत येई. प्रश्नचिन्हाशेजारी कोणीतरी लिहिलेलं असे, 'मूळप्रमाणे'. म्हणजे आहे तसं राहू द्या. अशी हजारो प्रश्नचिन्हं त्यांनी काढली असतील आणि तितकेच 'मूळप्रमाणे' गुपचूप स्वीकारले असतील.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यांची भाची निकिता घरी आली. ही बहिणीची मुलगी, वय सव्वीस. वारज्यातल्या एका छोट्या कंपनीत मोबाइल गेमसाठी चित्रं काढायची. त्या कंपनीचा 'अंधारबारव' नावाचा एक गेम चांगला चालला होता. चार मित्रांनी चार घरांत बसून, आपापल्या फोनवर, एका झपाटलेल्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, मिळून उतरायचं, असा तो खेळ. आता कंपनी त्याच खेळाचा घरात बसून खेळायचा संच काढणार होती. खोक्यात पट, पत्ते, सोंगट्या आणि नियमांची बत्तीस पानांची पुस्तिका. पुस्तिका आधी मराठीत निघणार होती.

"मावशी, फक्त शुद्धलेखन बघ," निकिता म्हणाली. "बाकी सगळं फायनल आहे."

प्रेमलाताईंनी पहिलं पान उघडलं. बारवेच्या तळाशी एक कोनाडा आहे, त्यात विझलेला दिवा आहे. मशालजी, ढालाईत, वैदू आणि वाटाड्या अशा चौघांनी नऊ टप्पे उतरून तो दिवा लावायचा. दर पायरीला एक पत्ता उचलायचा. त्यांत काजळ्या नावाच्या हडळी निघतात, त्या मशालीचं तेल पितात आणि खेळाडूच्या पाच श्वासांतले दोन घेतात. तेल संपलं की खेळ संपला.

"यात दुसरी बाजू कोणाची?" त्यांनी विचारलं.

"दुसरी बाजू नाहीच. चौघं एकाच टीममध्ये. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे."

"मग हरवायचं कोणाला?"

"बारवेला."

त्यांचे यजमान बापूराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते दिवाणावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "म्हणजे पुठ्ठ्याला हरवायचं. आपल्या वयाला झेपेल असं आहे."

प्रेमलाताईंना मात्र ती गोष्ट नवलाची वाटली. सापशिडी, ल्यूडो, कॅरम, पत्ते, आयुष्यभर जे खेळ पाहिले त्यांत कोणाची तरी सोंगटी घरी पाठवल्याशिवाय मजा नव्हती. इथे चौघं एका बाजूला, आणि पलीकडे नुसते नियम. हे चालत कसं असेल?

तीन दिवसांत त्यांनी पुस्तिका तपासून संपवली. शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या सत्तावीस. समासातली प्रश्नचिन्हं झाली त्रेचाळीस.

पुस्तिका द्यायला त्या स्वतःच वारज्याला गेल्या. ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. खेळ रचणारा तेजस तिशीतला, दाढी वाढवलेला, बोलायला मोकळा मुलगा होता. त्याने दुरुस्त्या पाहून मनापासून आभार मानले. मग प्रश्नचिन्हांकडे आला आणि जरा अडखळला.

"काकू, पान चौदा. 'दोघं एकाच पायरीवर आले तर आधी पत्ता कोण उचलेल?' अहो, हे सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"ज्यांनी मोबाइलवर खेळलाय त्यांना."

"मग खोक्यावर तसं छापा. 'ज्यांना आधीच येतो त्यांनीच घ्यावा.'"

निकिता खिडकीकडे तोंड करून हसली. तेजसही हसला, पण त्याने पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून उलटायला घेतली. दहाबारा प्रश्न वाचल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. प्रेमलाताई वाट बघत होत्या की आता हा 'आहे तसं राहू द्या' म्हणेल आणि चहा मागवेल.

"काकू, मी एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही," तो म्हणाला. "तुम्ही हा कच्चा संच घरी न्या. ज्यांनी असला खेळ कधी बघितलेला नाही असे चार जण बसवा आणि फक्त पुस्तिका वाचून खेळा. मी आणि निकिता कोपऱ्यात बसून बघू. एक शब्द बोलणार नाही. चालेल?"

छत्तीस वर्षांत प्रेमलाताईंच्या प्रश्नचिन्हाला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "रविवारी सकाळी दहाला या. नाश्ता करूनच या, नाहीतर लोक खेळायचं सोडून तुमच्या ताटाकडे बघतील."

चार जण जमवायला वेळ लागला नाही. त्या स्वतः आणि बापूराव, म्हणजे दोन झाले. तिसरी शेजारची शालन. घरीच ब्लाउज शिवायची आणि एखादी गोष्ट पटली नाही तर गिऱ्हाइकालाही सुनवायची. चौथा वरच्या मजल्यावरचा संजय इंगोले. यवतमाळकडचा, एका आयटी कंपनीत इलेक्ट्रिशियन होता आणि रविवारी सुट्टी असली की करमत नाही म्हणून जिना चढउतार करायचा.

रविवारी दिवाणखान्यातलं टेबल मधोमध ओढलं. पट उलगडल्यावर शालन पुढे वाकून बघतच राहिली. बारव वरून पाहिल्यासारखी काढली होती. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन, आणि मधोमध काळं पाणी. ती चित्रं निकिताची होती. ती आणि तेजस दिवाणावर वह्या घेऊन गप्प बसले होते.

संजयने मशालजी घेतला. "उजेडाचं खातं माझ्याकडेच असू द्या काकू, सवय हाय." शालनने वैदू घेतला, प्रेमलाताईंनी वाटाड्या. बापूरावांच्या वाट्याला ढालाईत आला. त्यांनी सोंगटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ह्याच्या हातातली ढाल ह्याच्यापेक्षा मोठी आहे. चालेल."

प्रेमलाताई मोठ्यांदा नियम वाचत आणि बाकीचे तसं करत. पहिला अर्धा तास बरा गेला. ढालाइताला एका पाळीत दोन पायऱ्या उतरायची मुभा होती. बापूराव दर वेळी ती घेत. बघता बघता ते सहाव्या टप्प्यावर पोहोचले आणि बाकीचे तिघं तिसऱ्यावर राहिले. तिथे त्यांना लागोपाठ दोन काजळ्या भेटल्या. त्यांच्या पाच श्वासांतला एकच उरला.

"शालन, औषध दे," बापूराव म्हणाले.

"भाऊ, वैदूला त्याच पायरीवर यावं लागतं. तुम्ही वर या."

"वर येता येतं का?"

सगळे प्रेमलाताईंकडे बघू लागले. त्यांनी पान सात पाहिलं, मग पान बारा, मग सगळी पुस्तिका चाळली. खेळाडूने पायरी उतरावी असं चार ठिकाणी लिहिलं होतं. चढावी असं कुठेच नव्हतं.

"लिहिलं नाही म्हंजे मनाई नाही," संजय म्हणाला.

"लिहिलं नाही म्हणजे परवानगी नाही," बापूराव म्हणाले. "कारखान्यात असं स्वतःच ठरवून चाललो असतो तर मी इथे बसलो नसतो."

"अहो काकाजी, मरून राहिले तुम्ही तिथं, आणि नियम काय पाहता?"

दिवाणावर तेजस मांडीखाली हात दाबून बसला होता. एकदा त्याचं तोंड उघडलं, तेव्हा निकिताने त्याला कोपर मारलं. शेवटी चौघांनी ठरवलं की जे लिहिलंय तेच करायचं, कारण तेच बघायला ही दोघं आली आहेत. पुढच्या पाळीत तिसरी काजळी निघाली आणि बापूरावांचा ढालाईत संपला.

प्रेमलाताईंनी वाचलं, "श्वास संपल्यास खेळाडू बाद. बाद खेळाडूने आपली सोंगटी पटावरून उचलावी."

बापूरावांनी सोंगटी उचलली. "पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

त्यांनी ढालाईत सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि ते उठले. चहा टाकला. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. पेपर एकदा वाचून झाला होता तो परत वाचला. मधूनच टेबलाजवळ येऊन म्हणाले, "उजवीकडची पायरी घ्या."

"बाद माणसाने बोलायचं नाही," शालन म्हणाली.

"कुठे लिहिलंय?"

प्रेमलाताईंनी शोधलं. तेही लिहिलेलं नव्हतं.

खेळ आणखी एक तास दहा मिनिटं चालला. आठव्या टप्प्यावर तेल संपलं आणि सगळे हरले. शालन आणि संजय लगेच पुन्हा मांडायला निघाले. शेवटचा बंद दरवाजा आधी उघडला असता तर कसं झालं असतं यावर त्यांचं भांडण जुंपलं होतं. प्रेमलाताई मात्र बापूरावांकडे बघत होत्या. ते खिशातली सोंगटी काढून मुकाट्याने खोक्यात ठेवत होते.

बोलायची मोकळीक मिळताच तेजस म्हणाला, "वर चढायचं मी लिहिलंच नाही. फोनवर बोट वर सरकवलं की माणूस चढतो. इतकं सोपं की ते लिहायचं असतं हेच डोक्यात आलं नाही."

"ते एका ओळीत होईल," प्रेमलाताई म्हणाल्या. "पण बाद झालेल्याचं काय? पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, एकमेकांना सांभाळून खेळा. आणि हा माणूस तासभर कुंड्यांना पाणी घालतोय. दोन दिवसांपूर्वीच घातलं होतं."

"फोनवर दहा सेकंदांत परत जिवंत होतो, काकू. स्क्रीन करडी होते, आकडे मोजले जातात, की झालं. पटावर ते दहा सेकंद कसे लिहायचे ते कळेना, म्हणून 'बाद' लिहिलं." त्याने वहीचं पान उलटलं. "एक पाळी गमावून परत येऊ दिलं तर?"

"मग मरायचं भेवच नाही राहत," संजय म्हणाला. ते सगळ्यांना पटलं. आणि प्रश्न तिथेच राहिला.

पुढचा आठवडाभर प्रेमलाताईंच्या डोक्यात तोच विषय होता. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, कुठेही. बाद झालेल्या माणसाला काय काम द्यायचं? काम असलं पाहिजे, पण जिवंत माणसाइतकं नको. एकदा जेवताना त्यांनी बापूरावांना विचारलं, "खरं सांगा, बाद झाल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

"पुठ्ठ्याचा माणूस मेल्यावर काय वाटायचं?" ते म्हणाले. मग दोन घास खाऊन म्हणाले, "मेल्याचं काही नाही. माझ्यावाचून तुमचं काही अडत नव्हतं, ते बरं नाही वाटलं."

ते ऐकून प्रेमलाताईंना दुर्गाबाईंची आठवण झाली. छापखान्यात प्रूफं जोडीने तपासत. एक बाई मूळ कागद हातात धरून मोठ्यांदा वाचायची, स्वल्पविरामासकट, आणि दुसरी छापील कागदावर नजर ठेवायची. वाचणारीला प्रूफ दिसत नसे, तपासणारीला मूळ दिसत नसे. एकोणीस वर्षं दुर्गाबाईंनी वाचलं आणि प्रेमलाताईंनी तपासलं. पुढेपुढे दुर्गाबाईंचा आवाज नुसता जड झाला तरी त्यांना कळायचं की पुढे आकड्यांचा तक्ता येतोय, सावध राहा. एकीला दिसायचं आणि दुसरीला करायचं. एकटी कोणीच काम पुरं करू शकत नसे.

दुसऱ्या दिवशी त्या वारज्याला गेल्या. "बाद माणसाला चालू देऊ नका," त्यांनी तेजसला सांगितलं. "पण पुढचा पत्ता त्याला बघू द्या. चालणाऱ्यांना तो दिसणार नाही. त्याने सांगायचं, त्यांनी करायचं."

तेजस उठून पत्ते घेऊन आला आणि ऑफिसातल्या चौघांना तिथेच बसवलं.

आणि ते साफ फसलं. बाद झालेली मुलगी पत्ता बघून सगळं सविस्तर सांगायची, त्यामुळे बाकीचे संकटातून आरामात सुटायचे. चाळीस मिनिटांत दिवा लागला, निम्मं तेल शिल्लक होतं. दुसऱ्या डावात तर दोघं मुद्दामच काजळ्यांच्या तोंडी गेले, कारण बाद होणं जास्त फायद्याचं होतं.

"ब्रोकन आहे, काकू," तेजस म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मेलेला माणूस फारच उपयोगी पडतोय."

मग एकच शब्द सांगायचा असं ठरलं, आणि पत्त्यावर छापलेला शब्द घ्यायचा नाही. हा डाव येरवड्यात पुन्हा त्याच चौघांनी खेळून पाहिला. बापूराव नेहमीप्रमाणे पुढे धावले आणि बाद झाले. पहिला पत्ता उचलून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, "जपून." दुसरा पत्ता पाहिला. "जपून." तिसरा पाहिला. "जपून."

"भाऊ, सगळीकडेच जपून जायचंय," शालन वैतागली. "नवीन काय सांगताय?"

प्रेमलाताईंनी लाल पेन उचललं आणि पुस्तिकेच्या समासात लिहिलं, 'एकदा वापरलेला शब्द त्या डावात पुन्हा वापरता येणार नाही.' आणि पुढचा पत्ता नवऱ्याच्या हातात दिला.

आता बापूरावांना विचार करावा लागला. त्या पत्त्यावर एक हसतमुख प्रवासी होता. तो गोड बोलून जवळ येतो आणि शिदोरी घेऊन पसार होतो. बापूरावांनी चष्मा पुसला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेहुणा."

शालनने पटकन हात मागे घेतला. "नको, नको. शिदोरी लपवा आधी."

संजय इतका हसला की त्याच्या हातातला मशालजी खाली पडला. प्रेमलाताईंनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं, कारण मेहुणे त्यांच्याच माहेरचे होते. पण शिदोरी वाचली. त्या डावात ते नवव्या टप्प्यापर्यंत पोहोचले आणि शेवटच्या थेंबाला हरले. बापूराव एकदाही उठून कुंड्यांपाशी गेले नाहीत. त्या दिवशी दिवाणावरून तेजस म्हणाला, "ह्या नियमाला 'हाक' म्हणू या."

दिवाळीच्या आधी 'अंधारबारव'चा संच बाजारात आला. पुस्तिका आता छत्तीस पानांची झाली होती. लोक ती वाचूनही प्रश्न विचारतातच, म्हणून कंपनीने प्रेमलाताईंना विनंती केली की मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन आलेल्या प्रश्नांना उत्तरं द्याल का? त्या लगेच हो म्हणाल्या. लोक कुठे अडकतात हे बघायची त्यांना आता चटकच लागली होती. उत्तरं त्या थोडक्यात देत. कोणी विचारलं, वैदू स्वतःला बरं करू शकतो का, तर लिहीत, 'नाही. पान अकरा, ओळ सहा.' कोणी विचारलं, आम्ही आमचेच नियम केले तर चालेल का, तर लिहीत, 'चालेल. मग भांडणंही आपलीच आपण मिटवावीत.' निकिता ती उत्तरं ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवायची.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी हडपसरहून नम्रता नावाच्या बाईंचा प्रश्न आला. त्यांनी लिहिलं होतं, 'आमच्या घरात आम्ही चौघं खेळतो. माझ्या सासूबाई सुशीलाबाई जन्मापासून कर्णबधिर आहेत, हातांच्या खुणांनी बोलतात. त्या बाद झाल्या की "एक शब्द" कसा सांगायचा? आम्ही एक खूण म्हणजे एक शब्द धरला होता. पण त्यांच्या काही खुणा म्हणजे अख्खं वाक्य असतं. माझे मिस्टर म्हणतात ही चीटिंग आहे. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. कृपया निकाल द्यावा.'

प्रेमलाताईंनी तो मजकूर तीनदा वाचला. खूण म्हणजे नेमकी किती? ती सुरू कुठे होते आणि संपते कुठे? छापील शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते, म्हणून तो मोजता येतो. हाताचं कसं मोजायचं? पान नंबर देता येईल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'मला माहीत नाही. तुमची हरकत नसेल तर येऊन बघते.'

रविवारी त्या आणि बापूराव बस बदलून हडपसरला गेले. सुशीलाबाई साठीच्या, ठेंगण्या, नाकात चमकी. पाहुणे कशासाठी आलेत हे सुनेने त्यांना आधीच सांगितलेलं दिसत होतं, कारण चहा व्हायच्या आतच त्यांनी पट मांडून ठेवला होता. खेळायला बसले सुशीलाबाई, नम्रता, तिचा नवरा साई आणि साईचे वडील. प्रेमलाताई बाजूच्या खुर्चीवर वही घेऊन बसल्या. तेजससारखंच त्यांनी गप्प बसायचं ठरवलं होतं.

सुशीलाबाई चौथ्या टप्प्यावर बाद झाल्या. त्यांनी पत्ता उचलला, छातीशी धरून पाहिला. मग उजवा हात उठला. बोटं चिमटीसारखी जुळली, काहीतरी वाकवून ओतल्यासारखं झालं, मग ती बोटं एकदम उघडून रिकामी झाली आणि हात मांडीवर आला.

"बघा काकू," साई म्हणाला. "ह्याचा अर्थ 'घरातलं तेल संपत आलंय, वाण्याकडे जा' असा होतो. शब्द किती झाले?"

सुशीलाबाईंना तो काय म्हणाला ते चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी पत्ता खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी मुलाला बरंच काही सुनावलं. ते मात्र एका शब्दात बसण्यासारखं नव्हतं हे प्रेमलाताईंनाही कळलं.

त्या नम्रताला म्हणाल्या, "त्यांनाच विचारा ना. एक बोलणं संपलं हे त्या स्वतः कशावरून ओळखतात?"

नम्रताने विचारलं. आजवर सुशीलाबाईंना हे कोणी विचारलेलं नसावं. त्यांनी एक खूण केली आणि हात मांडीवर ठेवला. मग दुसरी केली आणि पुन्हा ठेवला. मग मांडीवर ठेवलेल्या हाताकडे बोट दाखवलं आणि प्रेमलाताईंकडे पाहिलं.

"हात परत मांडीवर आला की झालं, असं म्हणतायत," नम्रता म्हणाली.

प्रेमलाताईंनी वहीत लिहिलं, 'शब्दाऐवजी खूण चालेल. हात उचलल्यापासून परत मांडीवर येईपर्यंत एक खूण.' लिहिलेलं त्यांनी नम्रताला दाखवलं आणि नम्रताने ते हातांनी सासूला सांगितलं. सुशीलाबाईंनी मान डोलावली.

"मग ती हात खाली ठेवणारच नाही," साईचे वडील म्हणाले. "चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

"तो तुमच्या टीमचा प्रश्न आहे," बापूराव म्हणाले. "त्यावर कंपनीला काही करता येणार नाही."

प्रेमलाताई तरीही विचारात होत्या. त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, मग खोडली. तेजसला विचारावं लागेल, निदान चारपाच घरांत खेळून बघावं लागेल, कर्णबधिरांच्या शाळेतही कोणाला दाखवलं पाहिजे. पुढच्या छपाईला अजून दोन महिने होते. त्यांनी वही मिटली आणि नम्रताला विचारलं, "काजळीला तुमच्याकडे काय खूण आहे?"

ती खूण ह्या घरानेच तयार केली होती. सुशीलाबाईंनी करून दाखवली. पाच बोटं गालावरून खाली ओढायची आणि शेवटी अंगठा आत मिटायचा. प्रेमलाताईंनी केली तेव्हा अंगठा बाहेरच राहिला. सुशीलाबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन अंगठा नीट मिटून दिला आणि मग डाव पुढे सुरू करायचा सोडून, बाकीच्या पत्त्यांना आपण काय म्हणतो ते एकेक दाखवायला घेतलं.